धुरावरचं मांस : गोव्यातल्या अंगणात पहिली शेगडी पेटवताना

शेगडीतून निघणारा धूर दाट आणि पांढराफटक असेल, तर मांस अजून जाळीवर ठेवू नका. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मी पहिल्या वेळी ठेवलं होतं. पाऊस नुकताच उघडला होता, ऑक्टोबरचे दिवस. परसातल्या फणसाचं लाकूड चार महिने पत्र्याच्या शेडखाली पडलेलं. वरून हात लावला तर कोरडं, आतून दमट. दीड किलो कोंबडी दोन तास त्या धुरात ठेवली. बाहेर काढली तेव्हा रंग सुरेख आला होता, गडद तांबूस आणि तुकतुकीत. पहिला घास घेतला आणि जीभ बधिर झाली. राखेसारखी कडू चव, मागून घशात खवखव. शेजारच्या काकींचं सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगो, लाकूड ओलं होतं तुझं. धूर डोळ्यांना झोंबतोय तोवर चुलीवर काही ठेवू नये."

काकींनी थर्मामीटर कधी हातात धरला नाही, पण त्यांचं म्हणणं नेमकं होतं. ओल्या लाकडाची किंवा हवा कोंडलेल्या निखाऱ्यांची आच लाकडातलं पाणी उडवण्यातच खर्ची पडते. लाकूड नीट जळत नाही, घुसमटतं, आणि त्यातून निघणारी काजळी आणि डांबरासारखे पदार्थ मांसावर बसतात. कडवटपणा त्यांचा. लाकूड सुकं असलं आणि हवा मोकळी असली की धूर विरळ निघतो, उन्हात निळसर दिसतो, कधी तर दिसतही नाही, नुसता वास येतो. हवासा सुगंध त्याच धुरात असतो. म्हणून मसाला, मांस आणि महागडी शेगडी यांच्या आधी शिकायची ती हवा सांभाळायला.

शेगडी कोणती

झाकण असलेली. उघड्या शेगडीवर भाजता येतं, पण धूर देता येत नाही आणि जाड तुकडा आतपर्यंत शिजतही नाही. गोल झाकणाची जी केटल शेगडी आज सगळीकडे दिसते, ती अमेरिकेत १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी बनवली. ते धातूकाम करणाऱ्या कारखान्यात होते, आणि पाण्यात तरंगणारे बोये तिथे तयार होत. बोयाचा गोल मधोमध कापून त्यांनी खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ. पाण्यावरच्या वाऱ्यापावसासाठी घडवलेली वस्तू अंगणातल्या वाऱ्यालाही पुरून उरली.

तयार शेगडी घेता येते, किंवा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेता येते. बनवून घेताना पाच गोष्टी सांगा. झाकण घट्ट बसलं पाहिजे. खाली एक आणि झाकणावर एक अशी उघडझाप करता येणारी दोन हवेची तोंडं हवीत. निखाऱ्यांची जाळी आणि मांसाची जाळी यांत वीतभर अंतर हवं. मांसाची जाळी स्टेनलेस स्टीलची हवी. आणि पत्रा जाड हवा, जस्ताचा मुलामा दिलेला अजिबात नको, कारण तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो विषारी असतो. जुना ड्रम वापरणार असाल तर त्यात आधी काय होतं ते खात्रीनं माहीत असेल तरच. रंग किंवा रसायनं भरलेला ड्रम कितीही घासला तरी अन्नाच्या कामाचा नाही. नवी शेगडी पहिल्यांदा तासभर रिकामीच पेटवून ठेवा, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जाईल.

खारी हवा लोखंड खाते. दर वेळी काम झालं की कोमट जाळीवर तेलाचं फडकं फिरवा आणि शेगडी झाकून ठेवा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे चुकवू नये.

सोबत लांब चिमटा, जाड हातमोजे आणि मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. पैसे मोजकेच असतील तर शेगडी साधी घ्या, पण थर्मामीटर घ्याच. मांस शिजलं की नाही हे रंगावरून कळत नाही.

जागा आणि दिवस

अंगण, परस, मोकळी गच्ची. घरात नाही, बंद गॅरेजमध्ये नाही, फ्लॅटच्या बाल्कनीत नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत माणूस झोपल्यासारखा मरतो. विझत आलेली शेगडी उबेसाठी किंवा पाऊस आला म्हणून आत घेणं हे सर्वांत धोक्याचं, कारण तेव्हा ज्वाळा दिसत नसते आणि माणूस निर्धास्त असतो.

गोव्यात दुपारी समुद्रावरून वारा चढतो. तो खालच्या तोंडातून थेट आत शिरला की आच हाताबाहेर जाते. शेगडी घराच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला ठेवा, भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर दूर, आणि खालचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून. माडाखाली नको. वाळलेली झावळी कधी पडेल सांगता येत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगरउतारावरचं गवत आणि काजूचा पाचोळा कडकडीत वाळलेला असतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातल्या जंगलांत किती ठिकाणी वणवे लागले ते आपण पाहिलं आहे. शेगडीभोवतीची जमीन झाडून घ्या, पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवा, वाऱ्याच्या दिवशी बेत पुढे ढकला.

पावसाळा यासाठी नाहीच. लाकूड सुकत नाही, कोळसा ओल धरतो, आणि श्रावण पाळणाऱ्या घरात तेव्हा मांस शिजतही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायचा काळ. आमच्याकडे सोमवार-गुरुवार शाकाहारी, त्यामुळे बेत रविवारचा.

कोळसा आणि लाकूड

आच कोळशाची, वास लाकडाचा. ही वाटणी मनात पक्की करा. नवखा माणूस शेगडीभर लाकूड घालतो आणि धुरात बुडतो. मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात.

कोळसा लाकडी घ्यायचा. दगडी कोळसा लोहाराच्या भट्टीसाठी असतो, त्याच्या धुरात गंधक असतो, अन्नाला तो चालत नाही. पोतं घेण्याआधी दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. चांगला कोळसा काचेसारखा खणखणतो, हातात हलका लागतो, मोडला की आत चमक दिसते. भद्द आवाज आला तर ओल आहे. असा कोळसा दिवसभर कडक उन्हात पसरावा. पोत्याच्या तळाशी निम्मा भुगा असेल तर दुकान बदला. भुगा हवेची वाट बुजवतो.

करवंट्या आपल्याकडे प्रत्येक घरात साठतात. त्या लवकर पेटतात आणि जोराची आच देतात, पण तितक्याच लवकर संपतात, आणि त्यांच्यातल्या तेलानं सुरुवातीला काळा धूर येतो. कोळसा पेटवायला त्या उत्तम. धुरासाठी वापरू नका.

धुरासाठी मला सर्वांत आवडतो पेरू. सौम्य, जरा गोडसर, कोंबडीला आणि माशाला शोभतो. डुकराच्या मांसाला आंबा किंवा फणस. सुरूचं लाकूड आच जबरदस्त देतं, पण ते कोळशाच्या जोडीला ठीक. काजूच्या लाकडावर आपल्या फेणीच्या भट्ट्या चालतात हे खरं, पण तिथला धूर भांड्याबाहेर असतो, अन्नाला लागत नाही. काजूच्या झाडात अंगाला झोंबणारा चीक असतो, म्हणून मी ते धुराला घेत नाही. काजूच्या बियांची टरफलं तर शेगडीच्या आसपासही नकोत. त्यांच्यातल्या तेलानं कातडी भाजते आणि धूर घशाला जाळतो. बिब्बा, शेर आणि कण्हेर वर्ज्य. कण्हेरीच्या सरळ काटक्या पाहून कुणाला त्यावर मांस ओवावंसं वाटेल, पण सबंध झाड विषारी आहे, काटकीसकट. प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी, डांबर लावलेल्या होडीच्या फळ्या यांतलं काहीही नको.

लाकूड मनगटाएवढं फोडून, जमिनीपासून वर, वरून छप्पर आणि बाजूनं वारा अशा जागी रचा. डिसेंबरात फोडलं तर मेअखेर कामाचं होतं. मग ते पावसाळ्यात घरात, शक्य तर स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवावं लागतं. सुकल्याची खूण अशी : टोकाला तारेसारख्या चिरा पडतात, साल आपसूक सुटते, आणि दोन तुकडे आपटले की टणटणीत आवाज येतो. ढलप्या पाण्यात भिजवून टाकाव्यात असं पुष्कळ लोक सांगतात. भिजवल्यानं पांढरी वाफ भरपूर निघते, सुगंध मुळीच वाढत नाही. भिजवू नका.

निखारे धरवणं

रॉकेल, पेट्रोल, थिनर काही नको. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचं वरचं तोंड कापा, तळाला आणि तळाशेजारी खिळ्यानं वीसेक भोकं पाडा. डबा तीन दगडांवर ठेवा, खाली कागदाचे बोळे आणि चार करवंट्या, डब्यात कोळसा. कागदाला खोबरेल चोळलं तर जास्त वेळ जळतो. पेटवा आणि दूर बसा. फुंकायची गरज नाही. खालून हवा ओढली जाते आणि आग आपोआप वर चढते. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राखेची पांढरी साय धरली की निखारे तयार.

हातमोजे घालून, लांब चिमट्यानं डबा धरून निखारे शेगडीच्या एका बाजूला ओता. फक्त एका बाजूला. दुसरी बाजू रिकामी. हीच खरी युक्ती आहे : निखाऱ्यांवर जोराची आच, रिकाम्या बाजूला झाकणाखालची सौम्य आच. काही करपू लागलं तर ते उचलून पलीकडे नेता येतं.

आच किती हे हातानं पाहा. तळवा जाळीवर चार बोटं उंच धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच तेज, पाच-सहाला मध्यम, आठ-दहापर्यंत धरवला तर मंद.

आणि हवा. झाकणावरचं तोंड नेहमी पूर्ण उघडं. ते बंद केलं की धूर आत कोंडतो, शिळा होतो, मांस कडू होतं. आच वाढवायची-कमी करायची ती खालच्या तोंडानं. ते जरासं हलवा आणि पंधरा मिनिटं वाट पाहा. अधीरपणे सारखं उघडझाप करणाऱ्याची शेगडी कधी स्थिर होत नाही.

पहिला रविवार : कोंबडीच्या तंगड्या

सुरुवात इथूनच करा. तंगडीत चरबी असते, चूक झाली तरी ती कोरडी पडत नाही. छातीचा तुकडा क्षमा करत नाही.

एक किलो तंगड्यांना आदल्या रात्री १२ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दोन सपाट चमचे. चोळून उघड्याच फ्रिजमध्ये ठेवा, इतर अन्नापासून खालच्या कप्प्यात. मीठ आत मुरतं, कातडी सुकते आणि कुरकुरीत होते. सकाळी थोडं तेल आणि मसाला. काफ्रियालचा हिरवा मसाला चालतो : कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आलं, मिरी, लिंबू. रेशाद, म्हणजे गोव्याचा लाल मिरच्यांचा मसाला, तोही चालतो, पण पातळ थर द्या. त्यातल्या मिरच्या आणि साखर लवकर करपतात.

निखारे एका बाजूला, त्यांवर पेरूचा एक तुकडा. पहिली पाच-दहा मिनिटं पांढरा धूर येईल. थांबा. विरळ झाला की तंगड्या रिकाम्या बाजूला मांडा, झाकण लावा. आतली हवा १६० ते १८० अंश सेल्सिअस असू द्या. अर्धा तास झाकण उघडू नका. उघडलं की साठलेली आच जाते आणि निखारे भडकतात. मग एकदा उलटवा. चाळीस-पन्नास मिनिटांत हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा. ७४ अंश झाले की खायला सुरक्षित. तंगडी मात्र ८० अंशांपर्यंत गेली की जास्त मऊ लागते.

शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या आवडीची गोष्ट. दोन चमचे माडाचा गूळ, एक चमचा कोकमाचं आगळ, किसलेलं आलं आणि मिरी एकत्र गरम करून तंगड्यांना ब्रशनं लावा. मग प्रत्येक तंगडी मिनिटभर निखाऱ्यांवर आणा. गूळ बुडबुडतो, काळसर चकाकी धरतो, आगळाचा आंबटपणा धुराला उठाव देतो. आधी लावला तर कोळसा होतो, म्हणून शेवटीच.

हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं तर घाबरू नका. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला गुलाबीच ठेवतात. थर्मामीटरचं ऐका.

मग डुकराचा खांदा

तीन-चार रविवार तंगड्या जमल्या की याकडे वळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा तुमच्या ओळखीच्या दुकानात सकाळी लवकर जा आणि खांद्याचा दोन किलोंचा अखंड तुकडा मागा, चरबीसकट. तुकडे करून देऊ लागतील, आधीच सांगा. बर्फाच्या पेटीतून घरी आणा. आपल्या हवेत कच्चं मांस तासाभराहून जास्त बाहेर राहू नये. आमच्यासारख्या ज्या घरांत डुकराचं मांस स्वयंपाकघरात येत नाही, तिथे पाट, सुरी आणि भांडी वेगळी ठेवा. सगळं काम अंगणात उरकता येतं. घरातल्या मोठ्यांचा मान राखला की कुणाचीच हरकत राहत नाही.

मीठ किलोला १२ ग्रॅम, वर भरड मिरी आणि थोडी लाल मिरची. एवढंच.

इथे आच मंद आणि दीर्घ हवी, ११० ते १२५ अंश. शेगडीच्या एका बाजूला न पेटवलेल्या कोळशाचा ढीग करा, त्यात आंब्याचे दोन तुकडे खोचा, आणि ढिगाच्या एका टोकाला फक्त आठ-दहा पेटलेले निखारे ठेवा. आग सावकाश सरकत जाते. रिकाम्या बाजूला खाली पाण्याची थाळी, वर मांस. खालचं तोंड बोटभर उघडं. पहिले दोन तास धुराचे. मांस थंड आणि ओलसर असतं तेव्हा धूर चांगला धरतो. पुढे लाकूड घालून फारसा उपयोग नाही.

किलोला तीन ते चार तास धरा. दोन किलोंना सहा ते आठ. सकाळी सातला पेटवलं तर संध्याकाळच्या पावाला मांस तयार.

दुपारी एक वेळ अशी येते की नवखा माणूस हमखास हडबडतो. मांसाचं आतलं तापमान ६५-७० अंशांवर येऊन अडतं. तास जातो, दीड तास जातो, आकडा हलत नाही. काही बिघडलेलं नसतं. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि ते मांसाला गार करत राहतं, घामानं आपण गार होतो तसंच. कोळसा वाढवू नका. केळीचं पान निखाऱ्यावरून फिरवून मऊ करा, मांस त्यात गुंडाळा, वरून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर. बाष्प कोंडलं की आकडा पुन्हा चढू लागतो, आणि पानाचा वास आयताच मिळतो.

९३ ते ९५ अंश हे लक्ष्य. डुकराचा साधा तुकडा ६३ अंशांना शिजतो, मग एवढं का? खांद्यात चिवट जोडऊती फार असतात. त्या मंद आचेवर तासन्‌तास राहिल्या की वितळून जिलेटिन होतात, आणि मांस काट्यानं ओढलं तरी सुटतं. आकड्यापेक्षा हाताला मान द्या : थर्मामीटरची सुई लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. मग गुंडाळलेलंच, जुन्या टॉवेलात, रिकाम्या बर्फपेटीत तासभर विसावू द्या. ही पायरी गाळलीत तर सगळा रस पाटावर सांडेल.

तोवर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो. गरम पोई (गोव्याचा पोकळ पाव) घ्या, पोटात चीर द्या, सुटं केलेलं मांस भरा, वर व्हिनेगरातला कांदा. आमच्या घरात त्या संध्याकाळी दुसरं काही रांधत नाहीत.

बाकीचं थोडक्यात

बांगडा सोपा आहे. दोन्ही अंगांना तीन-तीन चिरा, मीठ, तिरफळ आणि मिरची. जाळी कडक तापवून तेल लावा, मासा ठेवा आणि हलवू नका. कातडी भाजली की तो आपोआप सुटतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि शेगडीही.

चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज, घरी करायचा मोह आवरा. तो कच्च्या मांसाचा असतो, मीठ, व्हिनेगर, ऊन आणि धूर यांवर टिकवलेला, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करतात त्यांच्याकडूनच शिकावा. विकतचा चोरिस रिकाम्या बाजूला सावकाश धुरावर शिजवला तर त्याची चरबी सुटून फार छान लागतो. आच न देता नुसत्या थंड धुरात मांस टिकवणं मात्र आपल्या उष्ण, दमट हवेत नवख्यानं करूच नये. विषबाधेचा धोका खरा आहे.

मांस मुरवलेला मसाला कच्चाच वरून लावू नका, उकळून घ्या. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

काम संपलं की दोन्ही तोंडं बंद करा. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. राख वरून गार दिसली तरी आत रात्रभर विस्तव असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी हात घालून पाहा, मगच पत्र्याच्या डब्यात काढा. पूर्ण गार झालेली लाकडी कोळशाची राख माडाच्या आळ्यात पसरा, खोडापासून हातभर दूर. त्यातलं पालाश माडाला मानवतं.